डाव्या कोपऱ्यातला जांभळा डाग

१

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता घाटकोपर पूर्वेला, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, टेपरेकॉर्डर सुरू झाला आणि त्यातून काहीच आलं नाही.

टेपरेकॉर्डर मुका निघाला म्हणून हल्ली कुणी हळहळत नाही. पण मधुकर पेठे, वय ब्याऐंशी, निवृत्त सरकारी अधिकारी, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकाला बसले होते. त्यांना गाणं ऐकायचं नव्हतं. पाच मिनिटं एक कर्कश, चिरका आवाज ऐकायचा होता, कारण त्या आवाजात त्यांच्या मुलाने केलेला खेळ होता.

१९८९ साली घरगुती संगणक कॅसेटवरून खेळ वाचून घेत. आवाज माणसाला असह्य आणि संगणकाला गोड. निहार पेठे, वय सतरा, याने तसा एक खेळ स्वतः लिहिला होता. आरे कॉलनीच्या रस्त्यांवरून दुधाची गाडी चालवायची, म्हशी चुकवायच्या, बिबट्या दिसला की हॉर्न द्यायचा. नाव ‘दूधगाडी’. खेळ पुरा झाला आणि पंधरा दिवसांत निहार काविळीने गेला. संगणक, टेपरेकॉर्डर आणि चौदा इंची रंगीत मॉनिटर त्याच्या खोलीत त्याच टेबलावर राहिले. पस्तीस वर्षं. घाटकोपरमध्ये एवढी जागा जिवंत माणसालाही कुणी देत नाही.

“आवाज?” पेठ्यांनी विचारलं.

“येत नाही,” जयवंत परब म्हणाला.

“व्हॉल्यूम वाढवा.”

“फुल आहे, साहेब.”

परब एकसष्ट वर्षांचा, राहणार कांजूरमार्ग. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या टीव्ही कारखान्यात त्याने पंचवीस वर्षं पिक्चर ट्यूबचे रंग जुळवले. कारखाना बंद पडला, पाठोपाठ पिक्चर ट्यूब जगातून गेली, आणि आपणही साधारण गेल्यातच जमा आहोत असं परब समजून चालला होता. तेवढ्यात जुने गेम जुन्याच पडद्यावर खेळायचं वेड असलेली मंडळी त्याला शोधत आली. भंगारवाल्याने नाकारलेल्या वस्तूंसाठी ही माणसं दीड दीड तास प्रवास करत. परबला त्यांचं कौतुक वाटे, थोडी काळजीही वाटे.

त्याने कॅसेट उलटी घातली. दुसऱ्या बाजूलाही तेच. साधी खरखरसुद्धा जेमतेम.

गुरुवारी हीच कॅसेट शहाण्यासारखी वाजली होती. तेव्हा खोलीत तिघं होते. तिसरा मिथुन, वय चौतीस, अंधेरीला जुन्या गेमचा अड्डा चालवणारा. निहारच्या खेळाचा पत्ता त्यानेच काढला होता आणि परबलाही त्यानेच आणलं होतं. मिथुन एरवी बोलताना श्वास घ्यायलाही थांबत नाही. पण कॅसेट वाजत होती तेव्हा तो टेपरेकॉर्डरला छाती लावून गप्प उभा होता. भारावलाय, असं परबला वाटलं. आधी पडदा काळाच राहिला, मग वरून खाली रंग ओतावा तसं चित्र उमटलं: डोंगर, रस्ता, गाडी, खाली एक काळा पट्टा. त्याच क्षणी मिथुनच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो असा दचकून कापला की जणू कुणी गेल्याचीच बातमी होती. कॅसेट पुढे वाजत राहिली आणि खेळ सुरू झाला.

मॉनिटरचे आजार दोन होते. एक, लाल रंग साफ गेलेला. पांढरं निळसर दिसायचं, पिवळं हिरवं दिसायचं, आणि जे लाल असेल ते नुसतं काळं. दोन, उजव्या खालच्या कोपऱ्यात फिकट हिरवट डाग. पस्तीस वर्षं टेपरेकॉर्डर शेजारी, त्याच्या स्पीकरमधल्या लोहचुंबकाने ट्यूबच्या आतली पोलादी जाळी भारून टाकलेली.

पेठ्यांनी दोन डाव खेळून पाहिले. निळी गाडी म्हशीवर आपटली की पडदा मिनिटभर काळा व्हायचा, त्या काळोखात मधूनच एखादा बीप वाजायचा, मग पुन्हा निळी गाडी.

“बग आहे, काका,” मिथुन म्हणाला. “सतरा वर्षांचा पोरगा. चालायचंच.”

“पुरं करायला वेळ मिळाला नाही त्याला,” पेठे म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं. “लाल रंग आला की बघू. रविवारी अकराला माझी मुलगी येईल, गंधाली, तेव्हा.”

“काका, एक कॉपी काढू द्या ना. पाच मिनिटं फक्त.”

“निहारची एकही वस्तू या घराबाहेर गेलेली नाही. त्याचा आवाजही जाणार नाही.”

आणि आज आवाजच नव्हता.

“त्या मिथुननेच बदलली,” पेठे म्हणाले. “मी काल अकरा ते एक डोळे तपासायला गेलो होतो. तेवढ्यात तो येऊन गेला. जयवंत, उद्या अकरापर्यंत निहारचा खेळ या पडद्यावर दिसला पाहिजे. नाही दिसला तर सोमवारी मी पोलिसांत जाणार.”

परबचं लक्ष मॉनिटरकडे होतं. सकाळी आल्या आल्या त्याने मागचा ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला डाख, काढून नवा केला होता आणि लाल रंग परत आणला होता. तेव्हा एक गोष्ट खटकली होती, पण हात गुंतलेले होते. आता त्याने नीट पाहिलं.

गुरुवारी डाग उजव्या खालच्या कोपऱ्यात होता. आज तो डाव्या वरच्या कोपऱ्यात होता, तळहाताएवढा, जांभळा.

डाग आपले आपण चालत नाहीत.

२

कॅसेट बदललेली नव्हती. हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. फितीच्या सुरुवातीला निहारने केव्हातरी तुटलेला तुकडा सेलोटेपने जोडला होता. तो पिवळा पडलेला सेलोटेप परबने गुरुवारी पाहिला होता, आणि आजही तो जागच्या जागी होता.

म्हणजे फीत तीच, आतला माल गेलेला. कुणी त्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलं म्हणावं, तर कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात निहारनेच तोडून ठेवले होते. ते नसले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. कुणी चिकटपट्टी लावून ती अडचण दूर केली म्हणावं, तर एक बाजू पुसायला अर्धा तास, दोन बाजूंना तासभर. मिथुन शुक्रवारी पंधरा मिनिटंच थांबल्याचं पेठ्यांना कामवाल्या बाईकडून कळलं होतं.

“साहेब, कॅसेट ठेवली कुठे होती?”

“सुरक्षित होती.”

“लोखंडी कपाटात?”

“सांगितलं ना, सुरक्षित होती.”

परबने जास्त ताणलं नाही. पण त्या कपाटाचं दार उघडलं की अख्ख्या मजल्याला कळतं, हे त्याने गुरुवारी ऐकलं होतं. आज कॅसेट काढण्याआधी पेठ्यांनी त्याला चहा प्यायला स्वयंपाकघरात पाठवलं, तेव्हा कुठलंही दार किंचाळलं नाही. आणि तो खोलीत परतला तेव्हा मॉनिटरवर ठेवलेल्या निहारच्या फोटोचा चंदनी हार हलत होता. पंखा बंद होता.

टेबलाखाली परबची स्वतःची एक वस्तू होती. डिगॉसिंग कॉइल: तांब्याच्या तारेची, पिवळा टेप गुंडाळलेली, परातीएवढी जाड रिंग. विजेवर चालते. पडद्यासमोर गोल गोल फिरवली की ट्यूबमधलं चुंबकत्व जातं आणि डाग पुसला जातो. शनिवारी यायचंच आहे, मग हे ओझं बसमधून कशाला न्या, म्हणून त्याने ती गुरुवारी इथेच ठेवली होती. ठेवली तेव्हा वायरची गुंडाळी डावीकडून होती. आता ती उजवीकडून होती.

कॉइलला ट्यूब आणि फीत यातला फरक कळत नाही. जवळपास जे काही चुंबकावर लिहिलेलं असेल ते ती पुसते. दोन्ही बाजू, एका दमात.

परबला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात सोनूबाई पोळ्या लाटत होती. वीस वर्षं या घरात काम करणारी, मूळची कुडाळकडची. परबने पाण्याबरोबर भाषाही बदलली.

“सोनूबाय, काल साहेब भायर गेल्ले तेव्हा कोण कोण इला?”

“तो बडबडो मिथुन इलो, वायर ठेवून गेलो. मगे गंधालीताई इली डबो घेवन. तिच्याकडे चावी आसा. पाच-धा मिनटां थांबली आसात, सायब येवच्या आदी गेली पन.”

“आवाज बिवाज काय ऐकलंस?”

“मी भांडी घासत होतंय. मधीच घुर्र असो आवाज इलो. माका वाटला, खालच्यांनी पंप लावल्यानी.”

“कधी? मिथुन होतो तेव्हा, की ताई?”

“माका काय म्हायत? भांड्यांका घड्याळ नसता, परबानू.”

“आणि तो फोटो? कोणी हलवलो?”

सोनूबाईने लाटणं थांबवलं. “त्या फोटोक ह्या घरात सायबांशिवाय कोण हात लावणा नाय. मी नाय, ताई पन नाय. बारीक असताना एकदा ताईन हात लावल्यान, तर सायब दोन दिस जेवक नाय म्हणतत.”

परब निघाला तेव्हा पेठे दारापर्यंत आले. “गंधालीला विचारून काही उपयोग नाही. तिला या सगळ्यात रस नाही. उद्याही उशिराच येईल. निहारचं चावीचं घड्याळ मी तिला दिलंय, अजून मिनिट इकडचं तिकडे होत नाही. घड्याळ वेळेवर असतं, बाई नसते.”

३

अंधेरीच्या गाळ्यात मिथुन एका मोठ्या ट्यूबसमोर कॉइल घेऊन उभा होता. त्याच्याकडे स्वतःची होती. पडद्यासमोर गोल फिरवत तो एक एक पाऊल मागे सरकत होता, देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं तसा. सहा-सात फुटांवर गेल्यावर त्याने रिंग आडवी केली आणि मगच बटण सोडलं.

“जवळ असताना सोडलं तर?” परबने विचारलं.

“काय काका, परीक्षा घेता काय? जवळ सोडलं तर वाट लागते. होता त्याच्यापेक्षा मोठा डाग पडतो. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय खरं.”

“आणि एक सांगतो, आईशप्पथ, कॅसेट मी नाही घेतली.” मिथुन स्टुलावर बसला. एरवी गाळ्यात दहा-बारा जण तरी असत. आज कुणी नव्हतं. “म्हातारबाबांनी आपल्या अड्ड्याच्या ग्रुपवर टाकलंय. ‘चोर’. काना-मात्रा, पूर्णविराम, सगळं बरोबर. सकाळपासून सात जणांनी ग्रुप सोडला.”

“कॅसेट कुणी घेतलेली नाही. ती पुसली गेलीय.”

मिथुनचं तोंड उघडं राहिलं. “पुसली? सगळी?”

“काल कशाला गेलेलास?”

“केबल ठेवायला. मग बसलो जरा. ती खोली बघितलीत ना तुम्ही? असं वाटतं, पोरगा खाली वडापाव आणायला गेलाय, येईलच आता.” त्याने डोळे पुसले आणि धुळीला शिवी दिली. “पण हात नाही लावला कशाला.”

“आणि गुरुवारी तू पाच मिनिटं गप्प का होतास?”

“म्हणजे?”

“चार वर्षं ओळखतो तुला. तू झोपेतही बोलत असशील. गुरुवारी कॅसेट लागली आणि तू छातीचा खिसा टेपरेकॉर्डरला लावून मुका झालास. मग फोन वाजला आणि तुझं तोंड उतरलं. कुणाचा फोन होता?”

मिथुनने उठून कॉइलची वायर गुंडाळायला घेतली.

“कुठला फोन?” तो म्हणाला.

“उद्या अकराला घाटकोपरला ये,” परब म्हणाला. “तो ‘कुठला फोन’ घेऊन ये.”

४

गंधालीने मुलुंडला संध्याकाळी सहाला बोलावलं होतं. परबने सहाच्या ठोक्याला बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला.

“मला वाटलं आता येत नाही तुम्ही,” ती म्हणाली. चपला घालून, पर्स खांद्याला लावून निघण्याच्या तयारीत होती. “सहा कधीच वाजून गेले, काका.”

परबने सॉरी म्हटलं. का म्हटलं ते त्यालाही कळलं नाही.

गंधाली शेहेचाळीस वर्षांची, विमा कंपनीत अधिकारी. डाव्या मनगटावर जुनं पुरुषी घड्याळ, पट्ट्याला दोन जास्तीची भोकं पाडलेली.

“बाबांचा फोन आला होता. मिथुन चोर आहे म्हणाले. मग म्हणाले, तुला काय त्याचं. म्हणून मीही काही बोलले नाही.”

“तुम्हाला नाही वाटत काही?”

“काका, दादा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर आमच्या घरात एकच वाढदिवस झाला, त्याचा. दरवर्षी सतरावा.” तिने सरळ स्वरात सांगितलं, पॉलिसीच्या अटी सांगाव्या तसं. “त्या संगणकाला मला हात लावायची बंदी होती. तो असतानाही. शेवटच्या महिन्यात तो दार लावून बसायचा. मी दार ठोकायचे, तर आतून ओरडायचा, ‘थांब गं, अजून तुझी वेळ नाही झाली.’ मग तो ॲडमिट झाला. तो खेळ मी कधी बघितला नाही.”

“काल डबा ठेवायला गेलात तेव्हा मॉनिटर लावला होतात?”

ती घड्याळाशी चाळा करत होती. चावी फिरवायची, थांबायची.

“नाही,” ती म्हणाली.

“कॅसेट कुठे असते, माहीत होतं?”

“लोखंडी कपाटात. लहानपणापासून तिथेच आहे. किल्ली बाबांच्या जानव्याला.” मग तिने विचारलं, “का हो? सापडत नाहीये की काय? चोरीला गेली म्हणजे दुसऱ्या कुणाकडे तरी असेलच ना?”

हा प्रश्न तिने फार आशेने विचारला. परबने चहा अर्धा सोडला. उतरताना त्याने मोबाइलवर वेळ पाहिली, मग मनातल्या मनात तिच्या मनगटावरची. पायऱ्यांवर तो थोडा वेळ बसून राहिला. एका जाणाऱ्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. नाही, तो म्हणाला, बरं वाटत नाही.

५

रविवारी साडेदहाला पेठ्यांच्या घराची बेल वाजली. दारात गंधाली.

“आज काय विशेष?” पेठे म्हणाले. “अर्धा तास आधी?”

“आधी कुठे? अकरा वाजताहेत.” तिने मनगट दाखवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा मनगटाकडे.

परब खोलीतून हे ऐकत होता. त्याला याची गरज नव्हती. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं.

मिथुन अकराला आला आणि दाराशीच उभा राहिला. पेठ्यांनी त्याला बस म्हटलं नाही. सोनूबाईने पाणी दिलं.

“साहेब,” परब म्हणाला, “कॅसेट तीच आहे. पुसली गेलीय. टेपरेकॉर्डरने नाही, त्याला तासभर लागतो. माझ्या कॉइलने पुसली गेली. कॉइल मी इथे ठेवली, ती चूक माझी. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाच्या घरी कधी हत्यार ठेवलं नाही. एकदाच कंटाळा केला.”

“याने लावली,” पेठ्यांनी मिथुनकडे बोट केलं.

“नाही. ज्याला कॅसेट पुसायची असेल तो कॉइल कॅसेटला लावेल. पडद्यावर फिरवत बसणार नाही. इथे ती पडद्यावर फिरवलीय, म्हणून डाग जागचा हलला. कुणाला तरी रंग नीट करायचे होते. आणि त्या माणसाला कॉइल नीट वापरता येत नव्हती. पडद्यापासून लांब न जाता, वर डाव्या कोपऱ्याशीच बटण सोडलं. डाग मोठा झाला. मिथुन झोपेतही असं करणार नाही, काल बघून आलोय.”

“मग कॅसेट पडद्याजवळ आली कुठून? ती तर...” गंधाली बोलता बोलता थांबली.

“ते साहेबांना विचारा.”

पेठे फोटोकडे बघत म्हणाले, “गुरुवारी तो कॉपी कॉपी करत होता. मला वाटलं, कपाट सगळ्यांना माहीत आहे. म्हणून फोटोच्या मागे ठेवली. त्याच्या फोटोला कुणी हात लावत नाही.”

“कुणीच लावला नाही,” परब म्हणाला. “लावला असता तर कॅसेट दिसली असती, बाजूला ठेवली असती. फोटो तसाच ठेवून, त्याला धक्का लागणार नाही असं सांभाळून, कॉइल फिरवली. कॅसेट चार बोटांवर होती. कपाटात असती तर काही झालं नसतं.”

“कोण?” पेठ्यांनी विचारलं.

परबला नाव माहीत होतं. कॉइल हातात धरणाऱ्याच्या मनगटावर चावीचं घड्याळ असेल, तर त्याची स्प्रिंगही भारली जाते, आणि घड्याळ धावायला लागतं. पस्तीस वर्षं मिनिट न चुकलेलं घड्याळ शनिवारी संध्याकाळी अठरा मिनिटं पुढे होतं, आज अर्धा तास. पण ते त्याला घ्यायचं नव्हतं.

“मिथुन,” तो म्हणाला, “फोन काढ.”

६

मिथुनने फोन काढला तो खाली मान घालून. “काका, मी चोर आहे. पण कॅसेटचा नाही. गुरुवारी खिशात रेकॉर्डिंग लावलं होतं. तुम्ही नको म्हणालात तरी. काल सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, मी म्हणत नव्हतो!”

पेठे उठून उभे राहिले. परबला वाटलं, आता हा माणूस मिथुनला मारणार. त्यांनी दोन्ही हातांनी मिथुनचा हात धरला.

“पूर्ण आहे?”

“नाही ना. मध्येच आईचा फोन आला. तिथे रेकॉर्डिंग बंद पडलं. नुसतं सुरुवातीचं चित्र येईल. खेळ नाही. खेळ गेला, काका.”

परबने मॉनिटरसमोर कॉइल धरली. फोटो पेठ्यांनी स्वतः उचलून पलंगावर ठेवला. मिथुनने फोन बाहेर गॅलरीत नेऊन ठेवला, खरं तर त्याची गरज नव्हती, पण आता कुणालाच कशाचाही भरवसा नव्हता. परब फिरवत फिरवत मागे सरकला, पार दारापर्यंत, आणि बटण सोडलं. जांभळा डाग गेला. पडदा आतून धुतल्यासारखा झाला. लाल कालच आला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सगळे रंग जागेवर होते आणि दाखवायला जवळजवळ काही उरलं नव्हतं.

फोन संगणकाला जोडला. चिरका आवाज सुरू झाला. काळा पडदा. मग वरून खाली रंग ओतला गेला. हिरवे डोंगर. पिवळा सूर्य, गुरुवारी हिरवा होता तो. निळी गाडी.

आणि खाली, गुरुवारी जिथे नुसता काळा पट्टा होता तिथे, काळ्यावर लाल रंगात दुसरी गाडी.

दोन्ही गाड्यांशेजारी इंग्रजी अक्षरं होती, कारण त्या संगणकाला मराठी येत नव्हतं. निळ्या गाडीपुढे: १, निहार. लाल गाडीपुढे, लालच अक्षरांत: २, गंधू.

आवाज तुटला. संगणक पुढच्या फितीची वाट बघत थांबला.

“तो बग नव्हता,” परब हळूच म्हणाला. “तो काळा पडदा. दुसऱ्या खेळाडूची पाळी होती. त्या पाळीत सगळं लालच: काळ्या रस्त्यावर लाल गाडी, लाल म्हशी. लाल नव्हता म्हणून आपल्याला दिसली नाही. मिनिटभर वाट बघून ती आपली आपण आपटायची, मग पुन्हा निहारची पाळी.”

“अजून तुझी वेळ नाही झाली,” गंधाली पुटपुटली. मग तिने घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते टेबलावर ठेवलं.

“बाबा, मी फिरवली कॉइल. तुम्ही फोनवर म्हणालात, डाग राहिलाय, रविवारपर्यंत होईल की नाही कुणास ठाऊक. मी मोबाइलवर बघितलं कसं करतात. मला वाटलं, दादाच्या एका तरी गोष्टीला आपला हात लागावा. डाग वाढला तेव्हा घाबरून पळाले. काल यांनी विचारलं, तर नाही म्हणाले.” तिने पलंगावरच्या फोटोकडे पाहिलं. “फोटो नाही हलवला. तुम्हाला आवडत नाही म्हणून.”

पेठे तिच्याकडे बघत होते. या घरात ओरडण्याचं काम आजवर त्यांनीच केलं होतं. सोनूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मिथुनने तोंड उघडलं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा मिटलं.

“मी विचारलंच नाही,” पेठे अखेर म्हणाले. “तो म्हणायचा, बाबा, गंधूला आत सोडू नका, अजून झालं नाही. मी तेच धरून बसलो, पस्तीस वर्षं. झालं की नाही, हे नंतर विचारायला तो नव्हता, आणि तू...”

परबने काहीतरी करायचं म्हणून घड्याळ उचललं. “ताई, ही स्प्रिंग भारली गेलीय. याच कॉइलने उतरवता येईल. दोन मिनिटांचं काम आहे, लगेच वेळेवर चालेल.”

“राहू दे, काका. पुढेच असू दे.”

मिथुन संगणक बंद करायला वाकला. पडद्यावर दोन्ही गाड्या तशाच उभ्या होत्या, न येणाऱ्या फितीची वाट बघत.

“थांब,” पेठे म्हणाले. “बंद करू नकोस.”

ते स्वयंपाकघरात गेले. फरशीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. त्या टेबलापुढे पस्तीस वर्षं एकच खुर्ची होती. त्यांनी शेजारी दुसरी लावली.